शेजाऱ्याचा अहवाल

एकदा एका तालुक्याच्या गावी एक अशी कचेरी होती, की जिथे कोणी काहीच बांधत नसे, आणि तरी तिच्यावाचून काही बांधून पुरे होत नसे.

नदीचे पाणी टेकडी ओलांडून पलीकडच्या खडकमाळ नावाच्या कोरड्या गावाला न्यायचे काम त्या वेळी निघाले होते. नदीकाठी पंपाची विहीर एकाने बांधायची. तिथून टेकडीवर चढणारे लोखंडी नळ दुसऱ्याने टाकायचे. टेकडीवरची टाकी आणि टाकीपासून गावातल्या तोट्यांपर्यंतचे काम तिसऱ्याने करायचे. तिघांची माणसे वेगळी, यंत्रे वेगळी, कामाची रीतही वेगळी. त्यांचे काम एकमेकांशी जुळते आहे ना, एवढेच पाहणे हा त्या कचेरीचा उद्योग. पाटीवर तिचे नाव ‘प्रकल्प व्यवस्थापन कक्ष’ असे भारदस्त होते. लोक मात्र तिला जुळणीची कचेरी म्हणत, आणि लोकांनी ठेवलेले नाव बहुधा खरे असते.

कचेरीचा प्रमुख एक वृद्ध गृहस्थ होता. तरुणपणी तो नळ जोडणारा मिस्त्री होता. शाळा फारशी झालेली नव्हती, पण कामाची समज अशी, की वरच्या साहेबांनी त्याला हातची हत्यारे ठेवायला लावून खुर्चीत बसवले. खुर्ची मिळून वीस वर्षे झाली तरी सगळे त्याला मिस्त्रीबाबाच म्हणत. त्याच्या हाताखाली वैजयंती नावाची एक तरुण इंजिनिअर आली होती. हुशार, नेटकी, आणि शब्दाला पक्की. या म्हाताऱ्याचे शिष्यत्व पत्करावे असे तिच्या नेमणूकपत्रात कुठे लिहिलेले नव्हते. पण पहिल्या सहा महिन्यांतच तिच्या ध्यानात आले होते, की आपल्याला जे पुस्तकात सापडत नाही ते या माणसाकडे आहे. नेमके काय आहे, ते मात्र तिला सांगता येत नसे.

दर सोमवारी तिन्ही मुकादम कचेरीत येत. विहिरीचा जालिंदर, नळांचे इस्माईलभाई आणि टाकीचा शिवाप्पा. दोन तास बसत, बोलत, भांडत, चहा घेत आणि परत जात. वैजयंती सगळे लिहून घेई. असे दीड वर्ष सुरळीत चालले.

मग महामारी आली.

ते दिवस आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, तेव्हा त्यांचे वर्णन करत बसत नाही. गावोगावी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. कचेऱ्यांना कुलपे लागली. पाण्याचे काम म्हणून या कामाला परवानगी मिळाली, पण अट अशी, की ज्याने त्याने आपल्या माणसांसह कामावरच राहायचे, तिथेच शिजवून खायचे, आणि एकाने दुसऱ्याच्या ठिकाणी पाऊल टाकायचे नाही. मिस्त्रीबाबांचे वय सत्तरीपुढचे. त्यांना तर उंबऱ्याबाहेर पडायचीच बंदी. त्यांनी वैजयंतीला फोन करून सांगितले, “ताई, आता कचेरी तुझ्या खोलीत. तू बघ.”

वैजयंतीने पदर खोचला म्हणा ना. तिने दोन दिवसांत सगळी कचेरी मोबाईलवर उभी केली. सकाळी नऊला बैठक, संध्याकाळी सहाला बैठक. शिवाय प्रत्येक मुकादमाने रोज भरायचा एक तक्ता, त्यात बेचाळीस रकाने. काय झाले, किती झाले, किती उरले, माणसे किती, कोणाला ताप आहे का, सामान किती. रकाना भरला की तिच्या संगणकावर हिरवा होई. मनात विचार असा, की पूर्वी माणसे डोळ्यांपुढे होती म्हणून आठवड्यातून एकदा विचारले तरी भागे. आता ती दिसत नाहीत, तेव्हा जास्त वेळा आणि जास्त बारकाईने विचारले पाहिजे. विचार चुकीचा होता असे कोण म्हणेल?

बैठका मात्र अशा होत.

“जालिंदरभाऊ, आवाज येतोय का?”

“येतोय मॅडम. पण तुमचा चेहरा अर्धाच दिसतोय.”

“चेहऱ्याचं राहू द्या. विहिरीचं सांगा.”

“चालू आहे.”

“इस्माईलभाई?”

“हा, बेटी. मी टेकडीच्या टोकावर उभा आहे. खाली रेंज नाही. मी वर आलो की खाली पोरं वेल्डिंग सोडून बसतात. दिवसातून दोनदा डोंगर चढतो. गुडघे म्हणतात, इस्माईल, आता बस कर.”

“चांगलं आहे की हो भाई,” शिवाप्पा मध्येच म्हणाला, “तुमच्या पायाबरोबर पाइपपण वर चढायलाय!”

एरवी या बोलण्यावर कचेरीचे पत्रे हालले असते. पण इथे आपला आवाज ऐकू जाण्यासाठीसुद्धा बटण दाबावे लागे. हसण्यासाठी बटण कोण दाबतो? कोणी हसले नाही. वैजयंतीने पुढचा प्रश्न विचारला.

इकडे खडकमाळला दिवसातून एकदा, भर दुपारी टँकर येत असे. तिथली हौसाबाई नावाची एक बाई महिलांचा बचत गट चालवायची. कामाच्या फलकावर वैजयंतीचा नंबर लिहिलेला होता, तो तिने एक दिवस फिरवला.

“मॅडम, पाणी कवा येतंय ते सांगा. अंतर राखा म्हणत्यात. पोलीस येऊन चुन्यानं गोल आखून गेलं, एकेका गोलात एकेक बाई. आन् टँकर आला की गोल कोण बघतंय? टँकरच्या नळीला काय आमची वळख हाय? जी पुढं घुसंल तिची घागर भरती.”

“वीस मे,” वैजयंती म्हणाली. “वीस मेला तोटीला पाणी येईल. मी शब्द देते.”

शब्द दिला खरा. आठ दिवसांनी हौसाबाईचा पुन्हा फोन आला. या खेपेला आवाज खाली होता. “पाच घरांत ताप हाय. टँकरच्या रांगेतनंच आला म्हणत्यात. माझ्या जावेला जिल्ह्याला न्हेलंय, नाकात नळी लावलीया. तुमचं वीस मे खरंय न्हवं?”

वैजयंतीने संगणकाकडे पाहिले. तीन तक्ते, एकशे सव्वीस रकाने, सगळे हिरवे. “खरंय,” ती म्हणाली.

मे महिन्याच्या चार तारखेला सकाळी इस्माईलभाईंचा फोन आला. नऊची बैठक व्हायच्या आतच.

“बेटी, आम्ही टाकीपाशी पोचलो.”

“वा! दोन दिवस आधीच!”

“हा. पण टाकीला भोक नाही.”

“म्हणजे?”

“पाइप आत घालायचा तर भिंतीला भोक पाहिजे ना? भिंत सपाट आहे.”

तिने शिवाप्पाला जोडून घेतले. तो म्हणाला, “भोक नाही कसं? आहे की हो! दक्षिणेच्या भिंतीला. नकाशात होतं तिथंच ठेवलंय.”

“आम्ही उत्तरेकडून आलोय,” इस्माईलभाई म्हणाले.

“उत्तरेकडून कशाला आलाय?”

“दक्षिणेच्या चढणीवर खडक लागला. फिरून आलो. तक्त्यात लिहिलं होतं ना मी.”

आणि त्यांनी खरोखरच लिहिले होते. रकाना एकतीस, ‘मार्गात बदल’. उत्तर, ‘होय’. रकाना भरलेला होता म्हणून हिरवा होता. शिवाप्पाचा तक्ताही खरा होता, ‘टाकीचे भोक, नकाशाप्रमाणे, पूर्ण’. कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी आळस केला नव्हता. भिंत फोडावी तर टाकी गळणार. नळ टाकीला वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीशी न्यावा, तर आणखी नऊ नळ आणि दोन वाकडे तुकडे हवेत. नळांचा साठा होता, पण वाकडे तुकडे पुरवणारे दुकान महिनाभर बंद. वीस मे डोळ्यांदेखत हातातून निसटत होती.

तिने दुपारी मिस्त्रीबाबांना फोन केला. टाकीच्या भोकापासून हौसाबाईच्या जावेपर्यंत सगळे सांगितले. 

“चूक माझी आहे,” ती शेवटी म्हणाली. “एकतिसावा रकाना मी नीट बघायला हवा होता. आता मी तीन वेळा बैठक घेते. आणि तक्त्यात आणखी रकाने...”

“थांब,” मिस्त्रीबाबा म्हणाले. “जालिंदर, इस्माईल, शिवाप्पा,” असे ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, “उद्यापासून दोन्ही बैठका बंद कर. तक्तापण बंद.”

“बंद?”

“बंद. प्रत्येकानं दिवसातून एकदा, त्याला सवड असेल तेव्हा, तुला साधा फोन करायचा. आणि एक नेम. स्वतःच्या कामाविषयी एक अक्षर बोलायचं नाही.”

“मग कशाविषयी बोलायचं?”

“शेजाऱ्याच्या. ज्याच्याकडून आपल्याला काम हातात घ्यायचंय, त्याच्या. इस्माईलनं जालिंदरचं सांगायचं. शिवाप्पानं इस्माईलचं सांगायचं.”

वैजयंतीला वाटले, घरात बसून म्हातारा थोडा चळला की काय. तरी तिने नम्रपणे विचारले, “आणि शिवाप्पाचं कोण सांगणार? त्याच्यापुढे तर कोणी नाही.”

“नाही कसं? हौसाबाई आहे ना.”

“त्या आपल्या माणसांपैकी नाहीत, बाबा.”

“पाणी कोण घेणार आहे? तू का मी?”

तिने हौसाबाईचे नाव वहीत लिहिले. “मग जालिंदरभाऊंनी कोणाचं सांगायचं? ते तर पहिलेच.”

“त्यानं नदीचं सांगावं.”

“नदीचं?”

“हो. आठ दिवस कर. मग विचार.” आणि त्यांनी फोन ठेवला.

वैजयंती दिवसभर त्या विचित्र आज्ञेवर विचार करत राहिली. आधी वाटले, बाबांना मुकादमांवर पहारा बसवायचा असेल. पण तो त्यांचा स्वभाव नव्हे. मग वाटले, माणसे एकमेकांशी बोलावीत म्हणून ही युक्ती असेल. पण मग सरळ ‘बोला रे’ असे सांगून भागले असते. हौसाबाई कशाला? आणि नदी कशाला? नदीचे तर कोणी ऐकत नाही. उत्तर सापडेना, आणि सापडत नाही म्हणून गोडी वाढे. म्हाताऱ्यावरच्या विश्वासापेक्षा या कुतूहलापायीच तिने आज्ञा पाळली, असे म्हटले तरी चालेल.

पहिला दिवस हसू यावे असा गेला.

“जालिंदरचं सांगू?” इस्माईलभाई म्हणाले. “माझ्या तोंडून त्याची चुगली नको वदवू, बेटी. रमजान चालू आहे.”

शिवाप्पाला असली अडचण नव्हती. तो आनंदानेच सुटला. “भाईंची माणसं अकरापर्यंत झोपत्यात बघा! रोजे हैत म्हणून पहाटे काम करत्यात म्हणे. म्हणे! मी काय पहाटे बघायला जातोय?”

जालिंदरने फोन केला आणि म्हणाला, “मॅडम, नदी वाहतेय.”

“बरं.”

“आणखी काय सांगू? पाणी ओलं आहे.”

हौसाबाईने मात्र आधी खात्री करून घेतली. “मी इचारलं तर शिवाप्पा मला हाकलून देईल न्हवं? मग तुमचं नाव सांगू का?”

“सांगा,” वैजयंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंचा सूर बदलला. शेजाऱ्याचे सांगायचे तर शेजाऱ्याला विचारावे लागते, आणि विचारायचे तर आपल्या उपयोगाचेच मनुष्य विचारतो. “मी जालिंदरला म्हटलं, बाबा रे, तुझ्या पंपाच्या तोंडाला पाइप जोडायची चकती किती बोल्टच्या भोकांची? तो म्हणाला, आठ. माझ्या पहिल्या पाइपला बारा भोकांची आहे. जोडताना आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत बसलो असतो! त्याच्या कोठीत बाराची पडलेली आहे, ती बसवतो म्हणाला.”

वैजयंतीने हे वहीत लिहिले आणि जुना तक्ता उघडून पाहिला. ‘पंपाचे तोंड, पूर्ण’. ‘पहिला नळ, पूर्ण’. दोन्ही हिरवे. 

तिसऱ्या दिवशी शिवाप्पा म्हणाला, “भाईंकडं वाकडे तुकडे नाहीत म्हणून रडायलेत. माझ्याकडं मागच्या कामाचे दोन पडल्यात, ताडपत्रीखाली.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तक्त्यात माझ्या कामाला लागणारं सामान विचारलं होतं. मला ते लागत नव्हते की हो. आज भाईंना म्हटलं, घ्या. भाई म्हटले, अरे, तू माणूस आहेस का फरिश्ता? मी म्हटलं, मी शिवाप्पा आहे, पण नंतर परत द्या.”

पाचव्या दिवशी जालिंदरचा फोन लवकर आला. या वेळी त्याला गंमत सुचत नव्हती.

“मॅडम, नदी विहिरीच्या तोंडापासून दहा हात मागं सरकलीय.”

“कधी?”

“झाले असतील बरेच दिवस. उन्हाळा आहे ना. मी रोज वरून बघायचो, आज फोन करायचा म्हणून खाली उतरून बघितलं. पंप सुरू केला असता तर नुसती हवा ओढली असती.”

“अहो, तुम्ही विहीर पूर्ण झाल्याचं कळवलं होतं!”

“विहीर पूर्णच आहे, मॅडम. नदीचं कोणी विचारलं नव्हतं.” मग तो म्हणाला, “माणसं बसूनच आहेत. नदीपासून विहिरीपर्यंत चर खणून घेतो. तीन दिवस लागतील.”

आणि त्याच दुपारी हौसाबाई बोलली. तिने आता फोनवर ओरडणे सोडले होते. आपले म्हणणे कोणीतरी लिहून घेत आहे, हे कळले की मनुष्य हळू बोलतो.

“शिवाप्पानं गावात सात तोट्या बशिवल्या. काम चांगलंय त्याचं, उगा कशाला नावं ठेवू.”

वैजयंतीला बरे वाटले. तक्त्यातही तसेच होते, ‘तोट्या, सातपैकी सात’.

“पर सातीच्या साती देवळापुढं हायत. एका ओळीत.”

“हो, नकाशात तसंच आहे. मोकळी जागा आहे ना तिथे.”

“मोकळी हाय, म्हणून तर टँकरपण तिथंच लागतोय. आता मला सांगा, समदं गाव पुन्यांदा तिथंच येणार. टँकरची गर्दी सुटली आन् तोटीची गर्दी लागली, तर ताप काय टँकर बघून येतोय व्हय? एकेका गल्लीत एकेक तोटी दिली असती तर बाया दारातनं पाणी न्हेत्याल्या. माझी जाऊ अजून तिकडंच हाय, मॅडम. मी हे कुणाला सांगायचं?”

वैजयंतीने वहीत ‘देवळापुढे’ या शब्दाखाली रेघ मारली. तिने दिलेला शब्द ‘वीस मेला तोटीला पाणी’ असा होता. तो शब्द तिने तंतोतंत पाळला असता, आणि खडकमाळला तो पाळला गेला नसता. बेचाळीस रकान्यांत हा प्रश्न नव्हता. शंभर रकाने केले असते तरी आला नसता, कारण रकाने लिहिणारी ती देवळापुढे घागर घेऊन कधी उभी राहिली नव्हती.

तिने शिवाप्पाला फोन केला. तो आधी चिडला. “केलेलं काम उकरू म्हणताय? नकाशाप्रमाणं केलंय, मॅडम! उद्या वरचे साहेब विचारतील, मी काय सांगू?”

“साहेबांना मी सांगेन. लेखी देते तुम्हाला. शिवाप्पाअण्णा, तुमच्या घरी पाणी कुठे भरतात?”

 “दारात आहे की नळ,” तो म्हणाला. आणि मग, “तीन तोट्या ठेवतो देवळापाशी. चार गल्ल्यांत नेतो. चार-पाच दिवस जास्त लागतील. वीस तारीख विसरा.”

तिने लगेच हौसाबाईला फोन लावला. हा फोन टाळता आला असता तर तिने टाळला असता. “ताई, मी शब्द दिला होता, तो चुकणार आहे. गल्लीत तोट्या हव्या असतील तर आणखी तीन-चार दिवस टँकरवर काढावे लागतील. वीसला हवं असेल तर पाणी देवळापुढेच येईल. तुम्ही सांगा.”

हौसाबाई म्हणाली, “इचारून सांगती.” आणि तासाभराने तिने सांगितले, “गल्लीत आणा. तंवर आम्ही आळीपाळीनं जातो टँकरला, एका गल्लीच्या दोघीच. ठरलं आमचं.”

आठवा दिवस आला. वैजयंतीने मिस्त्रीबाबांना फोन केला. “बाबा, आता विचारू?”

“विचार.”

“हे सगळं होणार, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

म्हातारा मनापासून हसला. “छे गं! नदी सरकली हे मला घरात बसून कसं कळावं? मी काय ज्योतिषी आहे?”

“मग नदीचं सांगायला का लावलंत?”

“जालिंदरच्या अलीकडं दुसरं कोणी नव्हतं म्हणून.” मग त्यांनी आवाज जरा सावरला. जे बोलायचे ते सावकाश बोलायची त्यांची सवय होती. “हे बघ ताई. मी नळ जोडायचो तेव्हा माझा उस्ताद सांगायचा, नळ मधे कधी गळत नाही, गळतो तो सांध्याला. आपली कचेरी सांध्यात बसते. ज्यानं त्यानं आपापलं काम नीट करावं, हे सांगायला आपण नकोच आहोत, ते त्यांना आपल्याहून चांगलं येतं. करणाऱ्याला विचारलंस तर तो ‘झालं’ म्हणतो, आणि खोटं बोलत नाही, त्याच्या हातून ते सुटलेलं असतं. पण काम आपल्या हातून सुटलं म्हणजे झालं नव्हे. पुढच्याच्या हातात बसलं म्हणजे झालं. आणि ते पुढच्यालाच कळतं.”

“पण मग पूर्वी सोमवारी आपण प्रत्येकाला त्याचंच विचारत होतो की.”

“तू विचारत होतीस, आणि लिहीत होतीस. तेही लागतंच. मी काय करत होतो?”

तिने आठवून पाहिले. “तुम्ही... काही नाही. ‘तू इथे बस, तू तिथे बस’ म्हणायचात. चहा घ्या म्हणायचात.”

“नळ ज्या क्रमानं जातो, त्या क्रमानं मी त्यांना बसवायचो. जालिंदर, मग इस्माईल, मग शिवाप्पा. मांडीला मांडी लागली की माणूस शेजारच्याला विचारतो, ‘तुझं कुठवर आलंय?’ माझं काम तेवढंच होतं. महामारीनं मांड्या लांब केल्या. तू तारा ओढून सगळ्यांना स्वतःशी बांधलंस, त्यात कष्ट केलेस, मी बघत होतो. पण सगळे तुझ्याकडं तोंड करून बसले, आणि शेजाऱ्याकडं पाठ झाली. मी फक्त तोंडं फिरवली.”

वैजयंतीने वहीत तिघांची नावे त्या क्रमाने लिहून पाहिली. मग म्हणाली, “मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

यावर म्हाताऱ्याने जे उत्तर दिले, ते तिला अपेक्षित नव्हते. “कारण मलाही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी माणसं बसवत आलो, का बसवतो ते कधी शब्दांत आणलं नव्हतं. टाकीला भोक नाही असं तू म्हणालीस, तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला, की सोमवारी असं काय होतं जे आता नाही. उपाय तिथेच सुचला, पण तो का, ते शब्दांत मांडायला मला तुझ्याइतकेच दिवस लागले. चार दिवस आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. त्या बाईची जाऊ कशी आहे?”

“नळी काढली आहे म्हणे. जेवते थोडं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि पुन्हा हळू आवाजात, “बरं.”

चोवीस मेला सकाळी जालिंदरने पंप सुरू केला. इस्माईलभाईंनी टाकीजवळच्या वळशाला कान लावला आणि आत पाणी सरकल्याचा आवाज ऐकून शिवाप्पाला हाक मारली. वीसची चोवीस झाली होती. वैजयंती आपल्या खोलीत फोन समोर ठेवून बसली होती. तिला तिघांनीही कळवले, आणि तिघांनीही पाळायचा तो नेम पाळला. जालिंदर म्हणाला, “नदी चरातून विहिरीत येतेय.” इस्माईलभाई म्हणाले, “जालिंदरचा पंप चालला.” शिवाप्पा म्हणाला, “भाईंचा पाइप गळत नाही.” ती चौथ्या फोनची वाट पाहत होती, कारण पहिल्या तिघांनी ‘झालं’ म्हटले तरी अजून झाले नव्हते, हे आता तिला कोणी सांगायला नको होते.

साडेअकराला तो आला. मागे भांड्यांचा आवाज, आणि बायकांचा गलका. पण गलका एके ठिकाणचा नव्हता, इकडून एक हाक, तिकडून एक, असा विखुरलेला होता.

“मॅडम, आलं वो! माझ्या दारात आलं! गढूळ हाय, पर धार अशी हाय की बादली धरवंना!”

वैजयंतीचे डोळे भरले. महिनाभर या एका वाक्यासाठी ती जगली होती. आनंदाने दोन शब्द बोलावेत, अभिनंदन घ्यावे, फोन ठेवावा, असेच कोणालाही वाटले असते. तिच्या तोंडून मात्र वेगळाच प्रश्न निघाला.

“ताई, तुमच्या खालच्या गल्लीत पोचलं का?”

हौसाबाईने बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“त्येच बघाया चाललीया,” ती म्हणाली, आणि तिच्या पायांचा आवाज फोनमधून पुढे पुढे जात राहिला.

ज्यांच्याकडे दहा जणांचे काम जुळवण्याची जबाबदारी आहे, त्यांनी दिवसातून एकदा तरी हा प्रश्न विचारून पाहावा.